व्हिडिओ नेमका कुठे अडकतोय? व्हीएलसी, एमपीव्ही आणि कोडीवर एचडी सुरळीत चालवण्याच्या पायऱ्या

ठाण्यात काय, नवी मुंबईत काय, लग्नाचा फोटोग्राफर आता डीव्हीडी देत नाही. पेनड्राइव्ह देतो, नाहीतर तुमचीच हार्डडिस्क मागून घेतो. त्यात फोरकेचा हायलाइट व्हिडिओ, पूर्ण समारंभाचं शूटिंग, वर ड्रोनचे तुकडे. रविवारी घरची सगळी जमतात, जुना लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडला जातो आणि नेमका अंतरपाट दूर व्हायच्या वेळी चित्र थिजतं. मंगलाष्टकं मात्र पुढे चालूच. मग काका म्हणतात टीव्ही बदलायला झालाय, भाचा दुसरा प्लेअर डाउनलोड करतो, आणि कुणीतरी सेटिंगमध्ये दिसेल त्या चौकटीत टिक मारत सुटतं.

यातलं काहीच लगेच करू नका. घोडबंदर रोडला गाडी हलेना तर आपण इंजिन उघडून बसत नाही, गायमुखला अडकलंय की माजिवड्याला हे आधी विचारतो. इथेही तेच. डिस्कवरून किंवा वाय-फायवरून दाबून लहान केलेली माहिती येते, प्रोसेसर किंवा ग्राफिक्स चिप ती उलगडते, मग ती पडद्यावर रंगवली जाते आणि शेवटी टीव्ही तिचं स्वतःच्या पद्धतीने काहीतरी करतो. चारपैकी कुठे तुंबलंय ते कळलं की उपाय बहुतेक वेळा दोन क्लिकचा असतो.

लागणारी सॉफ्टवेअर सगळी मुक्त आणि फुकट आहेत: व्हिडिओ चालवायला व्हीएलसी आणि एमपीव्ही, फाईलच्या आत काय आहे ते बघायला मीडियाइन्फो, फाईल बदलायला हँडब्रेक आणि टीव्हीसमोर रिमोट घेऊन बसायचं असेल तर कोडी. व्हीएलसीची आवृत्ती ३ किंवा पुढची हवी. हार्डवेअरच्या मदतीने व्हिडिओ उलगडणं तिच्यात मुळातच चालू असतं, आणि ती २०१८ पासून उपलब्ध आहे. अजून आवृत्ती २ वापरत असाल तर पुढचं वाचण्याआधी ती बदला.

पायरी १ : दुखणं नीट बघा

दोन मिनिटं हात न लावता नुसतं बघा. चित्र आणि आवाज दोन्ही एकदम थांबून परत सुरू होत असतील, तर माहितीच वेळेवर पोचत नाहीये. आवाज व्यवस्थित, पण चित्र झटके खातंय किंवा हिरवे-करडे चौकोन येतायत, तर उलगडण्यात गडबड. एरवी सगळं ठीक, पण कॅमेरा सावकाश डावीकडून उजवीकडे फिरला की बारीक उडी जाणवते, तर टीव्हीचा रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला पडदा कितीदा बदलतो तो आकडा, जुळत नाहीये. हलणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसतात, तो इंटरलेसचा, म्हणजे एका वेळी अर्ध्याच रेघा दाखवायच्या पद्धतीचा प्रकार. आणि चित्र मधोमध आडवं कापल्यासारखं दिसत असेल, तर पडदा आणि ग्राफिक्स चिप यांचा ताल चुकतोय.

मग तीच फाईल लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर कॉपी करून तिथून चालवा. नीट चालली, तर पायरी २ आणि ३ सोडून थेट चौथीवर जा. एवढ्याशा प्रयोगाने निम्मे संशयित सुटतात, पण लोक तोच करत नाहीत.

पायरी २ : फाईलची जन्मपत्रिका

‘एमपीफोर फाईल आहे’ एवढ्याने काही कळत नाही. एमपीफोर किंवा एमकेव्ही हा नुसता डबा. आत काय भरलंय ते मीडियाइन्फो सांगतं. व्हीएलसीमध्येच बघायचं तर कंट्रोल आणि जे दाबा.

लग्नाच्या व्हिडिओची मीडियाइन्फो साधारण अशी निघते: फॉरमॅट एव्हीसी, प्रोफाइल हाय ४:२:२, बिट डेप्थ १० बिट, रुंदी ३८४०, उंची २१६०, फ्रेम रेट २५, बिटरेट १५० मेगाबिट प्रतिसेकंद. अडचण इथेच लिहिलेली आहे. एव्हीसी म्हणजे एच.२६४, व्हिडिओ दाबायचं २००३ चं जुनं, सर्वत्र चालणारं मानक. त्यामुळे वाटतं की हे कशावरही चालेल. पण सर्वत्र चालतो तो त्याचा ८ बिट, ४:२:० हा प्रकार. बिट म्हणजे छटांची बारकाई, आणि ४:२:० किंवा ४:२:२ म्हणजे रंगाची माहिती किती राखली ते. कॅमेऱ्यातून थेट निघालेला १० बिट, ४:२:२ प्रकार एडिटिंग करणाऱ्यासाठी असतो, रंग सुधारायला जागा राहावी म्हणून. घरातल्या बहुतेक लॅपटॉपच्या ग्राफिक्स चिपमध्ये तो उलगडायची सोयच नसते. मग सगळा भार प्रोसेसरवर, आणि फोरकेला तो कमी पडतो.

अशा वेळी सेटिंगशी झुंजण्यात अर्थ नाही. फाईलच बदलून घ्या. फोटोग्राफरकडून एक्स्पोर्ट होताना घाईत चुकीचा पर्याय निवडला गेलेला असतो, त्यामुळे आधी त्यालाच सांगून बघा: ‘दादा, टीव्हीवर चालेल अशी ८ बिट, ४:२:० ची कॉपी द्या.’ तो टाळाटाळ करत असेल तर हँडब्रेक उघडा, फाईल आत ओढा, व्हिडिओ एन्कोडर एच.२६४ ठेवा, नावात १० बिट असलेला नको. फ्रेम रेट ‘सेम अ‍ॅज सोर्स’, क्वालिटीचा आकडा २० च्या आसपास. हा आकडा जितका कमी तितकी फाईल मोठी आणि चित्र चांगलं. टीव्ही फुल एचडीच असेल तर डायमेन्शन्समध्ये १०८०पी निवडा, म्हणजे काम बरंच लवकर उरकेल. जुन्या लॅपटॉपला तरी कित्येक तास लागतात, रात्री लावून झोपा. मूळ फाईल मात्र पुसू नका, ती लग्नाची आहे.

मीडियाइन्फोत ‘स्कॅन टाइप’ ही ओळही बघून ठेवा. तिथे इंटरलेस्ड असेल तर ते पायरी ५ मध्ये लागेल.

पायरी ३ : काम कोण करतंय, प्रोसेसर की ग्राफिक्स चिप?

सर्वाधिक तक्रारींचं मूळ मला इथेच सापडतं, म्हणून जरा थांबून बघू.

ग्राफिक्स चिपमध्ये व्हिडिओ उलगडायला वेगळा भाग असतो. तो ठरावीक फॉरमॅटच ओळखतो, आणि कोणते ते चिपच्या वयावर ठरतं. इंटेलचं बघा. एच.२६४ जुन्या लॅपटॉपलाही जमतं. २०१३ मध्ये आलेलं एच.२६५, म्हणजे एचईव्हीसी, ८ बिटमध्ये सहाव्या पिढीपासून आणि १० बिटमध्ये सातव्या पिढीपासून. त्याहून नवं एव्हीवन अकराव्या पिढीपासून. पिढी प्रोसेसरच्या नावात असते: आय५-५२०० म्हणजे पाचवी, आय५-११३५ म्हणजे अकरावी. पाचव्या पिढीच्या लॅपटॉपवर मोबाइलने काढलेला फोरके एचईव्हीसी अडखळतो, यात लॅपटॉपची खराबी काही नाही.

चिपला जमतं, पण सॉफ्टवेअर तिला काम देतच नाही, असंही होतं. ते असं तपासा.

एमपीव्हीत फाईल चालवा आणि शिफ्ट धरून आय दाबा. कोपऱ्यात माहितीचा तक्ता येऊन राहतो. कोडेकच्या, म्हणजे व्हिडिओ दाबण्या-उलगडण्याच्या पद्धतीच्या, ओळीच्या आसपास हार्डवेअरचं नाव दिसतं का बघा: लिनक्सवर व्हीएएपीआय, विंडोजवर डी३डी११व्हीए किंवा एनव्हीडेक. काहीच नसेल तर सगळं प्रोसेसर करतोय. एमपीव्हीत ही सोय मुळात बंद असते. कंट्रोल आणि एच दाबून चालू-बंद करता येते. त्याच तक्त्यात गाळलेल्या फ्रेमचा आकडा आहे. कंट्रोल-एच दाबल्यावर तो वाढायचा थांबला, तर रोग आणि औषध दोन्ही सापडले. मग सेटिंगच्या फाईलमध्ये ‘एचडब्ल्यूडेक’चं मूल्य ‘ऑटो-सेफ’ असं कायमचं लिहून टाका.

व्हीएलसीत टूल्स, प्रेफरन्सेस, इनपुट/कोडेक्स या वाटेने ‘हार्डवेअर-अ‍ॅक्सिलरेटेड डीकोडिंग’ वर या आणि ‘ऑटोमॅटिक’ ठेवा. बदल केला की व्हिडिओ बंद करून पुन्हा उघडा. चालू व्हिडिओला तो लागू होत नाही. कोडीत व्हिडिओ चालू असताना कीबोर्डवरचा ओ दाबा, डीकोडरच्या नावापुढे एचडब्ल्यू (हार्डवेअर) आहे की एसडब्ल्यू (सॉफ्टवेअर) ते लिहिलेलं असतं. विंडोजवाल्यांनी टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूच्या पानावरचा ‘व्हिडिओ डीकोड’ आलेख बघावा. व्हिडिओ चालू असून तो सपाट असेल तर चिप रिकामी बसली आहे.

लिनक्सवर आणखी एक खाचखळगा. टर्मिनलमध्ये ‘व्हीएइन्फो’ चालवा, चिपला येणाऱ्या फॉरमॅटची यादी मिळते. यादीऐवजी चूक दाखवली, तर ड्रायव्हर नाही. इंटेलच्या पाचव्या पिढीपासून पुढे ‘इंटेल मीडिया’ ड्रायव्हर लागतो, त्याआधीच्यांना जुना ‘आय९६५’. फेडोरा हा लिनक्सचा प्रकार वापरणाऱ्यांनी विशेष लक्ष द्या: पेटंटच्या भानगडीमुळे २०२२ पासून, म्हणजे आवृत्ती ३७ पासून, एएमडीच्या चिपवर एच.२६४ आणि एच.२६५ ची हार्डवेअर मदत मूळ पॅकेजमधून काढलेली आहे. आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या भांडारातलं ‘फ्रीवर्ल्ड’ पॅकेज टाकलं की ती परत येते. उबंटूवर व्हीएलसी स्नॅप या स्वतंत्र डब्यासारख्या पॅकेजमधून घेतला असेल तर त्याचे ड्रायव्हर सिस्टिमच्या ड्रायव्हरपासून वेगळे असतात, तेव्हा शंका आली की नेहमीच्या एपीटी पॅकेजने टाकून बघा.

उलटा प्रयोगही तितकाच कामाचा. चित्रात हिरवे पट्टे किंवा चौकोन येत असतील तर हार्डवेअर मदत बंद करून बघा. गेले, तर दोष ड्रायव्हरचा. नवा ड्रायव्हर मिळेपर्यंत बंदच ठेवा. फुल एचडी एच.२६४ साध्या आय३ लाही प्रोसेसरवर झेपतो.

प्रोसेसरला झेपतंय की नाही याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा टर्मिनलमधून चालणाऱ्या एफएफएमपेग या साधनाला विचारा. त्याला फाईल द्या आणि आउटपुटचा प्रकार ‘नल’ सांगा, म्हणजे तो फक्त उलगडतो, कुठे साठवत नाही. खालच्या ओळीत ‘स्पीड’ दिसतो. ३एक्स असेल तर ताकद भरपूर, अडचण दुसरीकडे शोधा. ०.७एक्स असेल तर जगातला कोणताही प्लेअर आणा, प्रोसेसरच्या जिवावर तो व्हिडिओ अडखळणारच.

आणि उष्णता. सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं छान, मग झटके सुरू, असं असेल तर सॉफ्टवेअरला हात लावू नका. ठाण्याच्या मे महिन्यात, गादीवर ठेवलेला, पंख्यात कितीतरी वर्षांची धूळ असलेला लॅपटॉप तापला की स्वतःच वेग कमी करतो. कडक टेबलावर ठेवा, चार्जर लावा, पॉवर मोड ‘परफॉर्मन्स’वर न्या आणि पंखा साफ करून घ्या.

पायरी ४ : माहिती वेळेवर पोचतेय का?

थोडं गणित. मीडियाइन्फोतला बिटरेट मेगाबिटमध्ये असतो. आठने भागला की मेगाबाइट मिळतात. १५० मेगाबिट म्हणजे सेकंदाला जवळपास १९ मेगाबाइट. यूएसबी २ च्या बऱ्या पेनड्राइव्हला हे जमतं, पण तोच पेनड्राइव्ह माउस-कीबोर्डसह एका हबवर असेल तर कठीण. निळ्या (यूएसबी ३) पोर्टमध्ये, थेट लावा. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये असेल तर चार जीबीहून मोठी फाईल त्यावर बसतच नाही. लग्नाचे व्हिडिओ तुकड्यातुकड्यांत मिळतात त्याचं हेही एक कारण. रिकामा पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या.

वाय-फायची गोष्ट वेगळी. आपल्या सोसायट्यांमध्ये फोनवर नेटवर्कची यादी उघडली की खाली सरकवत राहावं लागतं. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. त्या तिघांत अख्खी विंग कोंबलेली. तेव्हा टीव्ही आणि लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर न्या. पण घोडबंदर किंवा खारघरच्या नव्या टॉवरमध्ये मायवन पद्धतीने ओतलेल्या सगळ्या भिंती काँक्रीटच्या असतात, आणि ५ गिगाहर्ट्झला त्या भारी पडतात. हॉलमध्ये पाचही काड्या आणि बेडरूममध्ये एक, हे त्यामुळेच. अशा घरात माझं मत सरळ आहे: राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅनची वायर ओढा. इलेक्ट्रिशियनला सांगून टीव्ही केबलच्याच पाइपातून नेता येते. शंभर मेगाबिटच्या जुन्या पोर्टवरूनसुद्धा नेहमीचा फुल एचडी आरामात जातो.

खरा वेग मोजायचा तर दोन्ही टोकांना नेटवर्कचा वेग मोजणारं आयपर्फ३ चालवा. इंटरनेटच्या स्पीड टेस्टचा इथे उपयोग नाही, कारण फाईल घरातल्या घरात फिरते आहे. वेग बिटरेटच्या दुप्पट तरी हवा. थोडाच कमी पडत असेल तर व्हीएलसीच्या प्रेफरन्सेसमध्ये खाली डावीकडे ‘ऑल’ निवडून इनपुट/कोडेक्समधलं ‘नेटवर्क कॅशिंग’, म्हणजे माहिती आधीच थोडी साठवून ठेवणं, ३००० मिलिसेकंद करा. कोडी २१ मध्ये हेच सर्व्हिसेसखाली कॅशिंगमध्ये मिळतं. वेग फारच कमी असेल तर कॅशिंग वाढवून फक्त अडकण्याची वेळ पुढे ढकलली जाते.

पायरी ५ : २५, ५० आणि ६० चं भांडण

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. हॉलच्या ट्यूबलाइटखाली पट्टे येऊ नयेत म्हणून बरेच फोटोग्राफर कॅमेरा २५ किंवा ५० फ्रेमवर ठेवतात. लॅपटॉप मात्र टीव्हीला ६० हर्ट्झ पाठवत असतो. आता २५ चित्रं ६० खणांत बसवायची म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला २.४ खण. अर्धामुर्धा खण देता येत नाही, म्हणून काही चित्रं दोनदा, काही तीनदा दिसतात. वरातीवरून सावकाश फिरणाऱ्या कॅमेऱ्यात ही उडी डोळ्याला खुपते. यात एकही फ्रेम गळलेली नसते, म्हणून आकडे बघून काही सापडत नाही.

उपाय: डिस्प्ले सेटिंगमध्ये टीव्हीचा रिफ्रेश रेट ५० करा. भारतात विकले जाणारे टीव्ही ५० घेतात. कोडीत सेटिंग, प्लेअर, व्हिडिओज इथे ‘अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट’ला ‘ऑन स्टार्ट/स्टॉप’ द्या, म्हणजे फाईलप्रमाणे तो आपोआप बदलेल, २४ फ्रेमच्या सिनेमालाही. हा पर्याय दिसत नसेल तर डाव्या कोपऱ्यातलं गिअर दाबून ‘एक्स्पर्ट’ निवडा. एमपीव्हीत ‘व्हिडिओ-सिंक’ला ‘डिस्प्ले-रीसँपल’ द्यायचं.

फोरके टीव्हीवर माउससुद्धा ओढत ओढत चालतोय? जुना एचडीएमआय १.४ पोर्ट फोरकेला ३० हर्ट्झच देतो. ६० साठी दोन्हीकडे २.० हवा, आणि बऱ्याच टीव्हींत त्या पोर्टसाठी ‘एन्हान्स्ड’ किंवा ‘यूएचडी’ असं काहीतरी वेगळं चालू करावं लागतं. लॅपटॉपच जुना असेल तर मुकाट्याने १०८०पी पाठवा, सोफ्यावरून फरक शोधावा लागेल.

कंगव्याच्या रेघांचं काम सोपं. जुन्या हँडीकॅमच्या एव्हीसीएचडी फाईल, शाळेच्या गॅदरिंगचं शूटिंग, टीव्ही चॅनेलचं रेकॉर्डिंग हे सगळं बहुधा १०८०आय असतं, म्हणजे एका वेळी अर्ध्याच रेघा. व्हीएलसी आणि एमपीव्ही दोन्हींत डी दाबा. व्हीएलसीत व्हिडिओ मेनूमध्ये डीइंटरलेस मोड ‘याडिफ (२एक्स)’ ठेवलात तर हालचाल ५० फ्रेमची, मऊ दिसते. चित्र आडवं फाटत असेल तर लिनक्सवर लॉगिनच्या पडद्यावर एक्स११ ऐवजी वेलँड निवडून बघा.

पायरी ६ : रंग, कडा, आवाज

काळा रंग राखाडी दिसतो किंवा सावलीतलं सगळं गडप होतं, तेव्हा लॅपटॉप आणि टीव्ही यांच्यात ‘फुल’ आणि ‘लिमिटेड’ रेंजचा गोंधळ असतो. दोन्हीकडे एकच ठेवा. कडा कापल्या जात असतील तर टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा तशाच नावाचं काहीतरी असेल. मोबाइलच्या एचडीआर क्लिप साध्या टीव्हीवर फिकट दिसतात. त्या एमपीव्हीत चालवा, रंग जुळवण्याचं काम तो व्हीएलसी ३ पेक्षा चांगलं करतो.

चित्र आहे, आवाज अजिबात नाही, आणि मीडियाइन्फोत ऑडिओ डीटीएस या प्रकारचा असेल, तर कोडीतला ‘पासथ्रू’ बंद करा आणि चॅनेल २.० ठेवा. बऱ्याच टीव्हींना डीटीएस समजत नाही. पासथ्रूमुळे तो न उलगडता तसाच पुढे जातो. आवाज पुढे-मागे असेल तर व्हीएलसीत जे आणि के. ब्लूटूथ साउंडबार असेल तर उशीर तिथूनच येतो, वायर लावून खात्री करा. मराठी सबटायटल चौकोन-चौकोन दिसत असतील तर आधी फाईल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा, मग सबटायटलचा फॉन्ट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी निवडा.

तरीही नाही जमलं तर

लॅपटॉप खरंच थकलाय असं ठरलं आणि टीव्हीमागे छोटा डबा ठेवायचा विचार असेल, तर रास्पबेरी पायवर लिब्रेएलेक ही कोडीसाठीच बनवलेली सिस्टिम चांगली. पण घेताना बघा: पाय ४ मध्ये एच.२६४ आणि एच.२६५ दोन्हींसाठी हार्डवेअर आहे, पाय ५ मध्ये फक्त एच.२६५ साठी. एच.२६४ तो प्रोसेसरवर चालवतो. फुल एचडीला हे पुरतं, फोरके एच.२६४ ला भरवसा ठेवू नका. ओटीटीचं चित्र लिनक्सच्या ब्राउझरमध्ये धूसर येतं ते यातलं नाही. ती डीआरएमची, म्हणजे कॉपी रोखणाऱ्या कुलुपाची अट आहे, वरच्या कोणत्याही पायरीने सुटणार नाही.

कुणाची मदत मागायची झाली तर ‘व्हिडिओ अडकतो’ एवढंच लिहू नका. मीडियाइन्फोचा मजकूर, प्रोसेसरचं नाव, सिस्टिमची आणि प्लेअरची आवृत्ती आणि लॉग, म्हणजे प्लेअरने लिहून ठेवलेल्या नोंदी द्या. एमपीव्हीला ‘लॉग-फाईल’ हा पर्याय दिला की तो सगळं लिहून ठेवतो. व्हीएलसीत टूल्समधल्या मेसेजेसमध्ये तपशिलाची पातळी २ करून फाईल पुन्हा चालवा आणि सेव्ह करा. लॉगमध्ये तुमचं नाव आणि फोल्डरची नावं येतात, ती खोडा. अख्खा व्हिडिओ कुणाला पाठवू नका. लॉसलेसकट या व्हिडिओ कापायच्या साधनाने जिथे अडकतं तिथला अर्ध्या मिनिटाचा तुकडा पुन्हा एन्कोड न करता कापा, तो अडकतोय ना हे स्वतः चालवून बघा, आणि मग पाठवा.